कांदा उभा चिरा, मग ट्युलिप लावा: नाशिकच्या अंगणातली वसंताची कंदफुलं

डिसेंबरात मागवून लावलेल्या ट्युलिपच्या कंदाला जानेवारीअखेर दोन-तीन रुंद, निळसर हिरवी पानं येतात. घरातले सगळे रोज सकाळी कुंडीत डोकावून जातात. फेब्रुवारी सरतो, पानं पिवळी पडतात, फूल काही येत नाही. पानं बाजूला सारून पाहिलं तर आत, अगदी कंदाच्या तोंडाशी, वाळक्या कागदासारखी बारीकशी कळी चिकटलेली दिसते. कंद खोटा नव्हता. फूलही आत होतं. त्याला वर आणणारा दांडा तेवढा वाढला नाही.

दुसऱ्या एखाद्या अंगणात ॲमॅरिलिसची कुंडी असते. पट्ट्यासारखी लांब, तजेलदार पानं बारा महिने डोलतात, पण तीन-तीन वर्षं फुलाचं नाव नाही. तिथलं कारण अगदी वेगळं आहे.

दोन्ही कोडी सोडवायला एकच प्रश्न विचारावा लागतो: या झाडाचं फूल नेमकं कधी तयार होतं? ते उमलतं कधी, हा प्रश्न वेगळा. तयार कधी होतं हे कळलं की पाणी कधी द्यायचं, कधी तोडायचं, खत कोणत्या महिन्यात घालायचं, ही सगळी निगा त्यातूनच उलगडत जाते.

कांद्याच्या आत काय दडलंय

लासलगावच्या जिल्ह्यात कंद समजून घ्यायला पुस्तक लागत नाही. एक कांदा घ्या आणि देठापासून बुडापर्यंत उभा चिरा. अगदी तळाशी पांढरी, टणक, बटणाएवढी चकती दिसेल. ते या झाडाचं खोड. मुळं तिच्या खालून फुटतात आणि पापुद्रे तिच्यावरून निघतात. मांसल पापुद्रे म्हणजे पानांचेच फुगलेले तळ, पुढच्या हंगामाची शिदोरी. मधोमध हिरवट कोंब असतो. ट्युलिप, डॅफोडिल, हायसिंथ, ॲमॅरिलिस, लिली या सगळ्यांची घडण हीच. म्हणून बाहेरचे एकदोन पापुद्रे मऊ पडले तर कंद वाचवता येतो, पण बुडाची चकती सडली की संपलं. विकत घेताना बाजारात कांदा दाबून बघतो तसं अंगठ्याने बुड दाबून बघा. बुड टणक हवं, वास आंबूस नको, आणि हातात घेतल्यावर कंद आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे.

नर्सरीत सगळ्यालाच ‘बल्ब’ म्हणतात, पण ग्लॅडिओलस आणि फ्रीझिया चिरून पाहिले तर आत पापुद्रे सापडत नाहीत. सुरणासारखा सगळा भरीव गर असतो. हे घनकंद. रॅननक्युलस तर वाळलेल्या कोळ्यासारखा दिसणारा जाड मुळांचा झुबका असतो. हा फरक लावताना कामाला येतो, एरवी नावांवरून घोळ घालायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. फूल तयार होण्याच्या वेळेवरून या झाडांचे तीन गट पडतात.

पहिला गट ट्युलिप, हायसिंथ, डॅफोडिल यांचा. यांचं फूल आदल्या उन्हाळ्यातच कंदाच्या आत पूर्ण घडतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात कंद आपल्या हाती येतो तेव्हा पाकळ्या आणि पुंकेसर, सगळं आत सूक्ष्म आकारात तयार असतं. आपल्याला फक्त ते बाहेर आणायचं असतं.

दुसरा गट ॲमॅरिलिसचा. याच्या कंदात साधारण चार पानांमागे एक फुलाची कळी धरते आणि ती बाहेर पडायला वर्षभर घेते. म्हणजे येत्या चैत्रातलं फूल सरलेल्या वर्षीच्या पानांनी धरलेलं असतं. द्राक्षबागायतदाराला हे सांगावं लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तेच घड बाहेर येतात. उन्हाळ्यात काडी उपाशी राहिली तर ऑक्टोबरात कितीही खत ओता, घड येत नाहीत. ॲमॅरिलिसचंही तेच.

तिसरा गट ग्लॅडिओलस, फ्रीझिया, रॅननक्युलस, ॲनिमोनचा. यांचं फूल लावणीनंतर, पानं वाढत असताना धरतं. त्यामुळे चुका झाल्या तरी सुधारायला वेळ मिळतो. नवख्या माणसाने इथून सुरुवात करावी हे आमचं स्पष्ट मत आहे.

थंडीचं गणित आणि फ्रिजचा खण

ट्युलिपला थंडी लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण किती आणि कशासाठी, तिथेच गल्लत होते. ४ ते ९ अंशांचं तापमान, दिवसरात्र, सलग १२ ते १४ आठवडे. एवढ्या काळात कंदात साठलेल्या पिठूळ अन्नाची हळूहळू साखर होते आणि दांडा लांबवणाऱ्या संप्रेरकांना पेशी दाद देऊ लागतात. ही थंडी मिळाली नाही तर फूल आतच गुदमरतं किंवा दोन बोटं उंचीवर, पानांच्या बेचक्यात, अर्धवट उमलतं.

‘पण नाशिकला तर कडाक्याची थंडी पडते!’ खरं आहे. निफाडचा पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि वर्तमानपत्रात दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात. पण ती थंडी पहाटेची. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० अंशांच्या आसपास असलेला पारा त्याच दुपारी २८ वर जातो. कुंडीतली माती दुपारच्या उन्हाने तापते आणि रात्री मिळालेला गारवा पुसून टाकते. श्रीनगरच्या ट्युलिप बागेत माती आठवडेच्या आठवडे गारठलेली असते. तसं इथे होत नाही.

हेही नाशिकला नवीन नाही. द्राक्षवेलीला डोळे एकसारखे फुटायला थंडीची विश्रांती लागते, ती इथे पुरेशी मिळत नाही, म्हणून गोडी छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. (ते औषध कंदांना लावून बघायचा मोह मात्र नको. ते विषारी आहे आणि कंदाला त्याचा काही उपयोग नाही.) याच थंडीची दुसरी बाजू कांद्याच्या वाफ्यात दिसते. रोप जरा मोठं झालं असताना सलग गारठा पडला की कांदा पोसायचा सोडून डेंगळे फेकतो. शेतकऱ्याला नको असलेला डेंगळा म्हणजे फुलाचा दांडाच. ट्युलिपकडून आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

तर थंडी फ्रिजमध्ये द्यायची. कंद कोरडे, न धुतलेले, कागदी पिशवीत किंवा जाळीच्या पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत बुरशी येते. जागा भाजीच्या खणाची. फ्रीझरमध्ये कधीच नाही, कारण गोठलेला कंद बाहेर काढला की पिचपिचीत होतो. पिशवीवर तारीख लिहा आणि दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. निळसर बुरशीचा बारीक ठिपका दिसला तर कोरड्या फडक्याने पुसला की भागतं. कंद मऊ पडला असेल तर काढून टाका.

या खणात एक गोष्ट सगळी मेहनत वाया घालवते, ती म्हणजे पिकणारी फळं. सफरचंद, सीताफळ, पेरू, केळी, चिकू, टोमॅटो पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. याच वायूने आढीतला आंबा पिकतो आणि याच वायूने कंदातली इवलीशी कळी करपते. कंद बाहेरून टणकच राहतो, पानंही येतात, फूल मात्र येत नाही. दिवाळीच्या सुमारास प्रत्येक घरात सीताफळं आणि पेरू असतात, आणि ट्युलिपचे कंद नेमके तेव्हाच फ्रिजमध्ये असतात. फळं त्या दोन-तीन महिन्यांपुरती बाहेर ठेवावीत किंवा कंदांसाठी शेजारचा फ्रिज मागावा. अर्धवट उपाय इथे चालत नाही.

तारखांचा हिशोब उलटा मांडा. नाशिकला मार्च लागला की दुपारचा पारा ३५ अंशांकडे निघतो आणि ट्युलिप दोन दिवसांत पाकळ्या टाकतो. म्हणून फूल फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हवं. लावणीपासून फुलापर्यंत साधारण ३० ते ४५ दिवस. म्हणजे लावणी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्याआधी १२ आठवडे मोजले की कंद ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. नोव्हेंबरअखेर कंद मिळाला आणि तो आधी थंड केलेला नसेल तर त्या वर्षी घेऊच नये. विक्रेत्याला ‘थंडी देऊन झालीय का, किती आठवडे?’ हे विचारा. झाली असेल तर कंद घरी येताच लावा. उबदार खोलीत आठवडा-दोन आठवडे पडून राहिला तर मिळवलेली थंडी वाया जाऊ लागते.

लावायला मातीची, रंग न दिलेली कुंडी घ्या. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं त्याच कारणाने मातीच्या कुंडीतली मुळं गार राहतात: पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता ओढून नेतं. शक्य असेल तर ती कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरा. ८ इंची कुंडीत ५ ते ६ कंद मावतात. कंद जवळजवळ चालतील, पण एकमेकांना आणि कुंडीला चिकटू देऊ नका. प्रत्येक कंदाची एक बाजू जरा चपटी असते; ती कुंडीच्या कडेकडे करा, म्हणजे पहिलं रुंद पान बाहेरच्या बाजूला झुकतं आणि मधली जागा फुलांना मोकळी राहते. बुडाजवळची तपकिरी साल हलकेच सोलली तर मुळं लवकर सुटतात. वर ५ सेंटिमीटर माती येऊ द्या, पहिले १०-१२ दिवस कुंडी गर्द सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा, कोंब दिसला की सकाळचं दोन-तीन तास ऊन. कळी वर आल्यावर एकदा जरी माती पूर्ण सुकली तरी कळी करपते.

फूल झाल्यावर हा कंद पुढच्या वर्षासाठी जपायच्या फंदात पडू नका. ट्युलिपचा मूळ कंद दरवर्षी संपतो आणि त्याच्या पोटी नवा पोसला जातो. त्यासाठी पानांना गार हवामानाचे कितीतरी आठवडे लागतात, आणि नाशिकचा मार्च ते देत नाही. ट्युलिप हा एका हंगामाचा पुष्पगुच्छ समजूनच घ्यावा. परवडत असेल तर जरूर घ्यावा, ते फूल तेवढ्या योग्यतेचं आहे.

हायसिंथची पद्धत तशीच. थंडी १० ते १२ आठवडे पुरते. त्याच्या सालीतल्या बारीक स्फटिकांनी हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. डॅफोडिलच्या घराण्यातला पेपरव्हाइट नार्सिसस मात्र थंडी मागतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावला की पाच ते सात आठवड्यांत पांढऱ्या, उग्र गोड वासाच्या फुलांचे झुबके येतात. डॅफोडिलची हौस असेल त्याने नाशिकला पेपरव्हाइटच लावावा.

माती: काळीला थोडी वाळू म्हणजे विटा

कंद मरतो तो बहुतेक वेळा तहानेने नव्हे, पाण्याने. गोदाकाठची काळी माती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते आणि दोन्ही वेळा मुळांना हवा मिळू देत नाही. ती सुधारायला लोक त्यात चार मुठी वाळू घालतात. त्याने माती उलट घट्ट होते, कारण वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणमाती बुजवून टाकते. काळी माती असेल तर त्याच जागी ८-९ इंच उंचीचा गादीवाफा करा किंवा सरळ कुंडीकडे वळा.

कुंडीसाठी एक घमेलं लाल किंवा पोयट्याची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं धुतलेली जाडसर वाळू. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ बोनमील. शेणखत अर्धकच्चं असेल तर त्यातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या कंदाचं बुडच खातात. खताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही. तयार खताला पावसाच्या पहिल्या सरीसारखा मातीचा वास असतो. मिश्रण भरून झालं की ८ इंची कुंडीत एक तांब्या पाणी ओता. मिनिटभरात ते तळातून निथळलं पाहिजे. वर डबकं साचलं तर कंद लावायच्या आधीच वाळू वाढवा.

कंद किती खोल लावायचा याचा जुना नियम, कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट, ग्लॅडिओलस आणि लिलीला चालतो. ॲमॅरिलिसला अजिबात नाही.

ॲमॅरिलिस: वर्षभराची साथ

शास्त्रीय नाव हिपिअस्ट्रम, नर्सरीत ॲमॅरिलिस, घरोघरी नुसतीच ‘लिली’. नाशिकच्या हवेला हे फूल मनापासून मानवतं, म्हणून त्याच्यावर जरा थांबू.

लावणी कोरडी आणि उथळ. कंद कुंडीत असा बसवा की मान आणि वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर राहील. मान मातीत गाडली की तिथे पाणी साचतं आणि सड आतून सुरू होते. कुंडीची कड कंदापासून जेमतेम एक-दीड इंच दूर हवी. मोठी कुंडी देऊन लाड करू नयेत, कारण मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. कंद घेताना त्याच्या घेराकडे बघा. २६ सेंटिमीटरच्या वर घेर असलेला कंद बहुधा दोन दांडे देतो. लहान कंद एक देतो किंवा वर्षभर नुसता पोसत राहतो.

फुलं मार्च ते मे दरम्यान येतात. जुना, देशी म्हणवला जाणारा केशरी-लाल वाण काहीही न करता एप्रिल-मे महिन्यात फुलतो. मोठ्या फुलांच्या नव्या वाणांना मात्र विश्रांती द्यावी लागते, आणि फुलं न येण्याचं निम्मं कारण तिथेच आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत आठवड्याभरात बंद करा. कुंडी पडवीत, अवकाळी सर लागणार नाही अशा जागी आडवी करून ठेवा. आठ ते दहा आठवडे तिला विसरून जा. पानं वाळली तर काढा, हिरवी राहिली तर ओढून तोडू नका. जानेवारीअखेर कुंडी उभी करा, वरची दोन इंच माती काढून नवी भरा आणि एकदाच भरपूर पाणी द्या. यानंतर कोंब दिसेपर्यंत हात आवरा. पान नसताना कंद फार पाणी पीत नाही, आणि या पंधरवड्यातल्या रोजच्या पाण्याने जितके कंद सडतात तितके अख्ख्या उन्हाळ्यात सडत नाहीत.

मानेतून डोकावणारं टोक फुलाचं की पानाचं, हे पहिल्या दिवसापासून ओळखता येतं. फुलाचा कोंब मानेच्या कडेने निघतो, जाड असतो, टोकाशी भाल्याच्या पात्यासारखा चपटा आणि दोन पाकळ्या मिटल्यासारखा. पान मधून येतं, पातळ असतं. फूल ओळखल्यावर कुंडी दर दोन दिवसांनी थोडी फिरवा, नाहीतर दांडा उजेडाकडे वाकतो.

फूल सुकल्यावर खरं काम सुरू होतं. बोंडं खुडून टाका. बी पोसायला कंद आपली शिदोरी खर्च करतो. दांडा पिवळा पडल्यावरच कापा. आणि पानं, ती एकही कापू नका, वेणी घालू नका, दोऱ्याने बांधू नका. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या उन्हावर चाललंय. एप्रिल ते जुलै १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, कुंडीला पाव लिटर. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत ते थांबवून ०:०:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, तेवढंच. ही दोन्ही खतं नाशिकच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. युरिया नको, पानं फोफावतात, कंद पाणचट होतो आणि सडीला आमंत्रण मिळतं. रोज चार-पाच तास सकाळचं ऊन हवं. सदासर्वकाळ सावलीत, बारमाही पाण्यावर ठेवलेली कुंडी म्हणजे ती तीन वर्षं न फुललेली कुंडी.

पावसाळ्यात दोन शत्रू. पहिला लिलीवरची अळी. काळी, पांढरे ठिपके आणि नारिंगी खुणा असलेली ही अळी सुरुवातीला पानाच्या पाठीवर झुंडीने असते आणि पान जाळीदार करते. मोठी झाली की मानेतून कंदात शिरते. एका रात्रीत पानांचा फडशा पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर दोन दिवसांनी पान उलटं करून बघणं हाच उत्तम इलाज. अळ्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाका. फार असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिसची फवारणी संध्याकाळी करा, कारण ते जिवाणू उन्हाने निकामी होतात. ही अळी मातीत कोष करते, म्हणून अळ्यांचा जोर ओसरल्यावर वरची इंचभर माती उकरून बदला.

दुसरा शत्रू लाल करपा. पानांवर, दांड्यावर, कंदाच्या पापुद्र्यांवर तांबडे लांबट डाग पडतात आणि दांडा डागाच्या बाजूला वाकडा होतो. ही बुरशी ओल्या पानावरून पसरते. डागाळलेलं पान कापून कचऱ्यात टाका, खतात नको. पाणी नेहमी मातीलाच द्या, पानांवर नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. संततधारेत कुंडी छपराखाली घ्या. त्र्यंबक-इगतपुरीकडे राहणाऱ्यांनी तर चारही महिने आतच ठेवावी. तिथला पाऊस सिन्नरच्या कितीतरी पट.

पापुद्र्यांच्या सांदीत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो मिलीबग. द्राक्षवाल्यांचा जुना वैरी. जुन्या दातघासणीने, साबणाच्या पाण्याने घासून काढा.

हिवाळ्यात लावायची सोपी फुलं

ग्लॅडिओलस सगळ्यात भरवशाचा. ४-५ सेंटिमीटर व्यासाचा, जाड, उंच कंद घ्या. पसरट आणि मोठा दिसणारा कंद म्हातारा असतो. १० सेंटिमीटर खोल, १५ सेंटिमीटर अंतरावर, भरपूर उन्हात. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे लावले तर जानेवारी ते मार्च घरात फुलं राहतात. लावणीपासून फुलायला ७५ ते १०० दिवस लागतात. तिसऱ्या-चौथ्या पानाच्या सुमारास आत तुरा धरतो, आणि त्याच पंधरवड्यात पाण्याचा ताण बसला तर तुरा आखूड, फुलं मोजकी. इतर वेळी एखादं पाणी चुकलं तरी चालेल, तेव्हा चुकू देऊ नका. पानांवर चंदेरी ओरखडे आणि कळ्या उमलायच्या आधीच तपकिरी, हे फुलकिड्यांचं काम. निळे चिकट सापळे लावा आणि १५०० पीपीएमचं निंबोळी औषध लिटरला ५ मिलीलिटर फवारा. तुरा कापताना खालच्या एकदोन कळ्यांना रंग दिसला की कापा आणि झाडावर किमान चार पानं ठेवा, त्यांच्यावर नवा कंद पोसतो.

रॅननक्युलसचे पंजे लावण्याआधी तीन-चार तास पाण्यात भिजवा. रात्रभर भिजवले तर फुगून कुजतात. बोटं खाली, ४ सेंटिमीटर खोल, १० ते १५ सेंटिमीटर अंतर. रात्री गार वाटू लागल्यावरच, म्हणजे नोव्हेंबरात लावा. ऑक्टोबर हीटमध्ये लावलेले कुजतात. फेब्रुवारीत कागदाच्या गुलाबासारखी पाकळ्यांची दाटी असलेली फुलं येतात. ॲनिमोनची रीतही हीच.

फ्रीझिया ट्युलिपच्या अगदी उलट. त्याच्या कंदाला लावण्याआधी तीन महिने ऊब लागते, ३० अंशांच्या आसपास. नाशिकचा उन्हाळा ती फुकट देतो. फ्रीझियाचे कंद ट्युलिपसोबत फ्रिजमध्ये टाकणं ही नेहमीची चूक, मग ते उगवतच नाहीत. नोव्हेंबरात टोक वर करून ५ सेंटिमीटर खोल लावा.

एशियाटिक लिलीच्या कंदाला कांद्यासारखी कोरडी साल नसते, उघड्यावर दोन दिवसांत सुकतो. आणल्या दिवशी लावा, १२-१५ सेंटिमीटर खोल, कारण कंदाच्या वरच्या दांड्यालाही मुळं फुटतात.

डोंगरातले कंद मात्र उपटून आणू नका. पहिल्या पावसात अंजनेरीच्या पठारावर जे कंद तरारतात ते तिथल्याच खडकाळ, पातळ मातीत जगतात. कुंडीत वर्षभरही टिकत नाहीत.

काढणी आणि चाळ

ग्लॅडिओलस, फ्रीझिया, रॅननक्युलस यांचे कंद एप्रिलच्या सुमारास, पानं पिवळी पडून माना पडल्या की काढायचे. आठवडाभर आधी पाणी तोडा. काढल्यावर धुऊ नका. सावलीत, हवेशीर जागी ७ ते १० दिवस सुकवा आणि मग दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवून पात कापा. ग्लॅडिओलसच्या खालचा सुरकुतलेला जुना कंद हाताने सहज सुटतो, तो टाकून द्या. भोवतीच्या हरभऱ्याएवढ्या कंदिका वेगळ्या ठेवा, त्यांना फुलायला दोन-तीन हंगाम लागतात.

साठवण कांदा चाळीच्याच तत्त्वावर. चाळ जमिनीपासून उचललेली असते आणि चारी बाजूंनी वारा खेळतो, कारण कांद्याला ओल आणि कोंडलेली हवा सोसत नाही. घरी कांद्याची जाळीची गोणी हेच काम करते. एकावर एक दोनच थर भरा आणि घरात उंच, सावलीच्या जागी टांगा. ग्लॅडिओलसला जमलं तर फ्रिजमध्ये ५ अंशांच्या आत ठेवा. त्याची सुप्तावस्था मोडते आणि सालीखाली लपलेले फुलकिडेही मरतात.

या सगळ्यात एक काळजी आपल्या स्वयंपाकघराची. नार्सिसस आणि ॲमॅरिलिसचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी आहे. खाल्ला तर उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. ट्युलिप आणि हायसिंथचे कंदही खाण्याजोगे नाहीत. भाजीच्या खणात, टांगलेल्या गोणीत, जिथे ठेवाल तिथे मोठ्या ठळक अक्षरांत ‘फुलाचे कंद, खाऊ नये’ अशी चिठ्ठी बांधा आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला तोंडीही सांगा. घरात मांजर असेल तर एशियाटिक लिली लावूच नका. तिचा परागही मांजराच्या मूत्रपिंडाला घातक ठरतो.

पाऊस सुरू झाला की टांगलेली गोणी दर पंधरा दिवसांनी उतरवून प्रत्येक कंद हातात घ्या. मऊ लागला तो लगेच काढा, त्याला लागून असलेले दोन-तीन कोरड्या फडक्याने पुसून वेगळे सुकत घाला. पुन्हा लावायच्या आधी उरलेले कंद लिटरला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत निथळत ठेवा. त्याच पाण्यात रासायनिक बुरशीनाशक घालू नका, ते ट्रायकोडर्माच मारून टाकतं.